तीव्र रक्तकर्करोगातील औषध-प्रतिरोध

तीव्र रक्तकर्करोगातील औषध-प्रतिरोध म्हणजे तीव्र ल्युकेमिया या रोगातील कर्कपेशींनी रसायनोपचाराच्या, म्हणजेच केमोथेरपीच्या औषधांना दाद न देणे. हा प्रतिरोध काही रुग्णांत उपचाराच्या आरंभापासूनच असतो. काहींत मात्र रोग प्रथम पूर्णपणे ओसरतो आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उलटतो. उलटलेला रोग पूर्वीच्याच औषधांना जुमानत नाही. तीव्र रक्तकर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमागे औषधांचा प्रतिरोध आणि त्यातून उलटणारा रोग हे एक प्रमुख कारण आहे.

पेशीत औषध न शिरणे, शिरलेले औषध बाहेर फेकले जाणे, औषधाचे सक्रिय रूपात रूपांतर न होणे, औषधाचे लक्ष्य असलेले प्रथिन बदलणे, पेशीमृत्यूची प्रक्रिया बंद पडणे आणि अस्थिमज्जेतील सुरक्षित जागी पेशींनी आश्रय घेणे या प्रतिरोधाच्या मुख्य यंत्रणा आहेत. एकाच रुग्णात यांपैकी अनेक यंत्रणा एकाच वेळी आढळू शकतात.

पार्श्वभूमी

रक्तातील सर्व पेशी अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून तयार होतात. तीव्र रक्तकर्करोगात या पेशींची परिपक्व होण्याची प्रक्रिया मध्येच थांबते आणि अपरिपक्व पेशी, ज्यांना ब्लास्ट पेशी म्हणतात, अनिर्बंधपणे वाढू लागतात. त्या अस्थिमज्जा व्यापून टाकतात. परिणामी तांबड्या पेशी कमी होऊन पंडुरोग होतो, कार्यक्षम पांढऱ्या पेशी कमी पडल्याने वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि रक्तबिंबिका घटल्याने रक्तस्राव होतो. उपचार न झाल्यास रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावतो. ‘तीव्र’ हे विशेषण रोगाच्या या वेगाला उद्देशून आहे.

या रोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. तीव्र लसीकापेशीजन्य रक्तकर्करोग (एएलएल) हा लहान मुलांना होणारा सर्वांत सामान्य कर्करोग असून तो बी किंवा टी या लसीकापेशींच्या पूर्वपेशींपासून उद्भवतो. तीव्र मज्जाजन्य रक्तकर्करोग (एएमएल) हा प्रामुख्याने प्रौढांत व वृद्धांत आढळतो. प्रगत देशांत एएलएल झालेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले आज दीर्घकाळ जगतात. प्रौढांतील एएमएलमध्ये मात्र रोग एकदा ओसरला तरी तो उलटण्याचे प्रमाण मोठे आहे. दोन्ही प्रकारांतील औषधे बऱ्याच अंशी जुनीच आहेत. फलितांमधील तफावतीमागे पेशींची औषधांविषयीची संवेदनशीलता हे एक मोठे कारण आहे.

रोगशमन आणि रोगमुक्ती

उपचारानंतर अस्थिमज्जेतील ब्लास्ट पेशींचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी झाले आणि रक्तातील इतर पेशींची संख्या पूर्ववत झाली, तर त्या स्थितीला रोगशमन म्हणतात. रोगशमन म्हणजे रोगमुक्ती नव्हे. निदानाच्या वेळी रुग्णाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी कर्कपेशी असू शकतात. यांपैकी ९९.९ टक्के पेशी नष्ट झाल्या तरी शंभर कोटी पेशी शिल्लक राहतात आणि त्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाहीत. रुग्णाला या काळात पूर्ण बरे वाटते, वजन वाढते, ताप जातो. परंतु उपचार येथे थांबवल्यास रोग जवळजवळ निश्चितपणे उलटतो. म्हणूनच रोगशमनानंतर दृढीकरणाचे उपचार दिले जातात आणि एएलएलमध्ये त्यानंतर दीर्घकाळ अनुरक्षण उपचार चालू ठेवले जातात. एएलएलचा एकूण उपचारकाल दोन ते तीन वर्षांचा असतो.

इतिहास

या विषयाच्या इतिहासाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. ब्रिटिश संशोधिका लुसी विल्स १९२८ साली भारतात आल्या. मुंबईतील कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या गंभीर पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्कात असलेल्या एका घटकाने हा पंडुरोग बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. हा घटक प्रथम ‘विल्स घटक’ आणि पुढे फोलेट किंवा फोलिक आम्ल या नावाने ओळखला जाऊ लागला. नव्या पेशी तयार होण्यासाठी फोलेट आवश्यक असते. त्यामुळे फोलेटची नक्कल करणारा, पण त्याचे कार्य न करणारा पदार्थ कर्कपेशींची वाढ रोखू शकेल, अशी कल्पना पुढे आली.

अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने असे फोलेटविरोधी पदार्थ तयार केले. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध बॉस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी तीव्र रक्तकर्करोग झालेल्या १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० मुलांत तात्पुरती सुधारणा दिसली, असे त्यांनी १९४८ मध्ये नोंदवले. या रोगावर औषधाचा परिणाम होऊ शकतो याचा हा पहिला ठोस पुरावा होता. ही सुधारणा मात्र टिकली नाही. रोग उलटला आणि तेच औषध पुन्हा उपयोगी पडले नाही. अशा प्रकारे तीव्र रक्तकर्करोगावरील रसायनोपचाराचा आणि त्याला होणाऱ्या प्रतिरोधाचा इतिहास एकाच वेळी सुरू होतो. अमिनोप्टेरिनशी जवळचे नाते असलेले मेथोट्रेक्सेट हे औषध आजही एएलएलच्या उपचारात वापरले जाते.

१९५२ मध्ये लॉइड लॉ यांनी उंदरांतील रक्तकर्करोगावर प्रयोग करून प्रतिरोधक पेशी औषधामुळे निर्माण होत नाहीत, तर औषध देण्यापूर्वीच यादृच्छिक उत्परिवर्तनाने अस्तित्वात आलेल्या असतात, असे दाखवले. लुरिया व डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जीवाणूंवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगाची पद्धत त्यांनी कर्कपेशींना लावली होती. या निष्कर्षातून बहुऔषधी उपचारांची कल्पना बळावली. १९६० च्या दशकात अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट, ६-मर्कॅप्टोप्युरिन व प्रेडनिसोन ही चार औषधे एकत्र देण्याचे प्रयोग झाले आणि बालकांतील एएलएल बरा होऊ शकतो हे हळूहळू स्पष्ट झाले.

प्रतिरोधाची रेणवीय कारणे १९७० च्या दशकात उलगडू लागली. १९७६ मध्ये जुलियानो व लिंग यांनी प्रतिरोधक पेशींच्या पटलावरील पी-ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाचे वर्णन केले. १९७८ मध्ये शिमके यांच्या गटाने मेथोट्रेक्सेटला प्रतिरोधक झालेल्या पेशींत औषधाच्या लक्ष्यप्रथिनाचे जनुक अनेक पटींनी वाढलेले असते, असे दाखवले.

भारतात या संशोधनाची पायाभरणी मुंबईतील परळ येथे झाली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी रक्तकर्करोगासह अनेक कर्करोगांचा प्राण्यांतील प्रतिरूपांच्या साहाय्याने अभ्यास केला. हे केंद्र आणि १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय १९६६ मध्ये एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र ही संस्था अस्तित्वात आली.

प्रतिरोधाची उत्पत्ती

कर्कपेशी एकाच पेशीपासून उत्पन्न झालेल्या असल्या तरी त्या सर्व एकसारख्या नसतात. विभाजनाच्या ओघात त्यांच्या जनुकांत नवनवे बदल होत जातात आणि पेशींचे अनेक उपवंश तयार होतात. एखाद्या उपवंशातील बदल योगायोगाने औषधापासून संरक्षण देणारा असतो. औषध दिल्यावर संवेदनशील पेशी मरतात, प्रतिरोधक उपवंश मात्र टिकतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतो.

ही प्रक्रिया नैसर्गिक निवडीचीच आहे. विदर्भातील कापूस उत्पादकांना तिचे एक परिचित उदाहरण म्हणजे गुलाबी बोंडअळी. बीटी कापसातील विषद्रव्याने संवेदनशील अळ्या मेल्या, परंतु विष पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्यांची संतती वाढत गेली आणि २०१७-१८ च्या हंगामात विदर्भात तिचा मोठा प्रादुर्भाव झाला. अळी विषाला ‘सरावली’ असे बोलीत म्हटले जाते. प्रत्यक्षात एखादी अळी सरावत नाही, तर सहन करणाऱ्यांची निवड होते. कर्कपेशींच्या बाबतीतही मुख्यतः असेच घडते.

निदानाच्या व रोग उलटल्याच्या वेळच्या पेशींची जनुकीय तुलना २००८ मध्ये एएलएलमध्ये आणि २०१२ मध्ये एएमएलमध्ये करण्यात आली. उलटलेला रोग बहुधा पूर्णपणे नवा नसतो, तसाच तो निदानावेळच्या मुख्य उपवंशाची हुबेहूब प्रतही नसतो, असे त्यातून दिसून आले. अनेकदा तो निदानाच्या वेळी अत्यल्प प्रमाणात असलेल्या उपवंशातून किंवा दोन्हींच्या समान पूर्वज पेशीतून उद्भवतो. काही बदल उपचारांच्या काळातही घडतात, कारण काही औषधे स्वतःच डीएनएला इजा करतात.

पेशीपातळीवरील यंत्रणा

औषधाचा प्रवेश व उत्सर्जन

मेथोट्रेक्सेट पेशीत शिरण्यासाठी फोलेटच्या वाहक प्रथिनाचा उपयोग करते. हे वाहक कमी झाल्यास औषध आत जात नाही. एएमएलमधील प्रमुख औषध सायटाराबीन हेही ईएनटी१ या वाहकामार्फत पेशीत जाते. या वाहकाचे प्रमाण कमी असलेल्या पेशींवर औषधाचा परिणाम कमी होतो.

याउलट पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन पंपाप्रमाणे काम करते. एटीपीची ऊर्जा वापरून ते पेशीत शिरलेले औषध बाहेर फेकते. एबीसीबी१ या जनुकापासून तयार होणारे हे प्रथिन आतडे, यकृत, मूत्रपिंड व मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही असते आणि तेथे शरीराचे विषारी द्रव्यांपासून रक्षण करते. कर्कपेशी हीच व्यवस्था स्वतःच्या बचावासाठी वापरतात. डॉनोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन व इटोपोसाइड या रचनेने अगदी भिन्न औषधांना हा एकच पंप बाहेर काढतो. म्हणून या प्रकाराला बहुऔषध-प्रतिरोध म्हणतात. वृद्धांतील एएमएलमध्ये तो अधिक आढळतो. हा पंप बंद करण्यासाठी सायक्लोस्पोरिन, व्हाल्स्पोडार, झोसुक्विडार इत्यादी औषधांच्या चाचण्या झाल्या. परंतु त्यांतून बहुतांशी अपेक्षित लाभ झाला नाही. निरोगी ऊतींतील पंपही बंद पडल्याने दुष्परिणाम वाढणे आणि कर्कपेशींकडे इतर पर्यायी यंत्रणा असणे ही त्यामागील कारणे मानली जातात.

औषधाचे सक्रियीकरण व निष्क्रियीकरण

रक्तकर्करोगावरील अनेक औषधे दिली जातात तेव्हा निष्क्रिय असतात आणि पेशीतील विकरे, म्हणजे एन्झाइमे, त्यांना सक्रिय करतात. सायटाराबीनला डीऑक्सिसायटिडीन कायनेज हे विकर सक्रिय करते. हे विकर कमी झाल्यास किंवा औषध नष्ट करणारे सायटिडीन डीअमिनेज वाढल्यास प्रतिरोध निर्माण होतो. एसएएमएचडी१ हे विकर सायटाराबीनच्या सक्रिय रूपाचे विघटन करते, असे २०१७ मध्ये आढळून आले.

मेथोट्रेक्सेट पेशीत टिकून राहावे यासाठी त्याला ग्लुटामेटची साखळी जोडली जाते. टी-पेशींच्या एएलएलमध्ये ही साखळी बी-पेशींच्या तुलनेत कमी तयार होते. म्हणून त्या प्रकारात औषधाची मात्रा अधिक लागते. ६-मर्कॅप्टोप्युरिनच्या बाबतीत एनटी५सी२ या जनुकातील उत्परिवर्तन महत्त्वाचे ठरते. त्यामुळे हे विकर अतिसक्रिय होऊन औषधाचे सक्रिय रूप निकामी करते. २०१३ मध्ये प्रकाशात आलेले हे उत्परिवर्तन प्रामुख्याने उलटलेल्या एएलएलमध्ये, विशेषतः टी-पेशींच्या प्रकारात आढळते.

लक्ष्यातील बदल

मेथोट्रेक्सेट हे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या विकराला बांधले जाते. पेशीने या विकराचे उत्पादन अनेक पटींनी वाढवले, तर उपलब्ध औषध अपुरे पडते. स्टेरॉइड औषधे एनआर३सी१ या जनुकाच्या ग्राही प्रथिनामार्फत कार्य करतात. ते जनुक नष्ट झाल्यास किंवा त्याची अभिव्यक्ती घटल्यास स्टेरॉइडचा संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचत नाही. उपचाराच्या पहिल्या आठवड्यात प्रेडनिसोलोनला मिळणारा प्रतिसाद हा एएलएलमधील पुढील वाटचालीचा एक जुना व उपयुक्त निर्देशक आहे.

अ‍ॅस्परॅजिनेज हे औषध रक्तातील अ‍ॅस्परॅजीन हे अमिनो आम्ल नष्ट करते. लसीकापेशीजन्य कर्कपेशी ते पुरेसे तयार करू शकत नसल्याने त्यांची उपासमार होते. काही पेशी अ‍ॅस्परॅजीन बनवणारे विकर वाढवून ही उणीव भरून काढतात. शिवाय रुग्णाच्या शरीरात या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाल्यास कोणतीही बाह्य लक्षणे न दिसता औषध निष्प्रभ होऊ शकते. हा पेशींचा प्रतिरोध नसला तरी परिणाम तोच होतो. म्हणून जेथे शक्य आहे तेथे रक्तातील या विकराची सक्रियता मोजली जाते.

पेशीमृत्यूला बगल

रसायनोपचाराची औषधे पेशीला थेट मारण्यापेक्षा तिला आत्मनाशाचा, म्हणजे अपोप्टोसिसचा संदेश देतात. डीएनएला इजा झाल्याचे ओळखून हा संदेश पुढे नेण्याचे काम टीपी५३ या जनुकाचे पी५३ प्रथिन करते. या जनुकात उत्परिवर्तन असलेला एएमएल जवळजवळ सर्वच उपलब्ध उपचारांना कमी प्रतिसाद देतो.

बीसीएल-२ व एमसीएल-१ ही प्रथिने आत्मनाश रोखून धरतात. बीसीएल-२ ला निष्प्रभ करणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधामुळे तीव्र रसायनोपचार न झेपणाऱ्या वृद्ध रुग्णांना लाभ झाला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अ‍ॅझासायटिडीनसोबत हे औषध दिल्यावर मध्यक जीवनकाल ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेला. तथापि एमसीएल-१ वर विसंबणाऱ्या किंवा टीपी५३ गमावलेल्या पेशी या औषधालाही प्रतिरोध करतात.

कर्कमूलपेशी व अस्थिमज्जेतील आश्रय

१९९४ मध्ये कॅनडातील टोरांटो येथील जॉन डिक यांच्या गटाने एएमएलमधील अत्यल्प पेशींनाच उंदरांत नवा रोग निर्माण करण्याची क्षमता असते, असे दाखवले. या पेशींना रक्तकर्करोगाच्या मूलपेशी म्हणतात. त्यांपैकी अनेक पेशी दीर्घकाळ सुप्त असतात. सायटाराबीनसारखी औषधे विभाजन पावणाऱ्या पेशींवरच परिणाम करत असल्याने सुप्त पेशी त्यांच्या तडाख्यातून सुटतात आणि पुढे रोगाचे बीज ठरतात.

अस्थिमज्जेतील आधारपेशीही कर्कपेशींचे रक्षण करतात. त्या सीएक्ससीएल१२ हा रासायनिक संदेश सोडून कर्कपेशींना जवळ धरून ठेवतात, त्यांना जगण्याचे संकेत देतात आणि अ‍ॅस्परॅजीनसारखी पोषकद्रव्येही पुरवतात. अशा प्रतिरोधाचे कारण कर्कपेशीच्या जनुकांत नसते. तीच पेशी मज्जेबाहेर काढल्यास औषधाने मरू शकते.

मेंदू व मज्जारज्जू तसेच वृषणे या जागी औषध पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. त्यांना आश्रयस्थाने म्हणतात. एएलएलच्या उपचारात कण्यातून मेथोट्रेक्सेट टोचण्याची पद्धत याच कारणाने रूढ झाली. ही इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी रक्त स्वच्छ असतानाही रोग मेंदूच्या आवरणांत उलटत असे.

लक्ष्यवेधी व पेशी-आधारित उपचारांतील प्रतिरोध

प्रौढांतील एएलएलच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत फिलाडेल्फिया गुणसूत्र असते. त्यातून तयार होणाऱ्या बीसीआर-एबीएल१ या प्रथिनाला इमॅटिनिब हे औषध रोखते. या प्रथिनातील ३१५ व्या स्थानावरील थ्रिओनीनच्या जागी आयसोल्यूसीन आल्यास औषध तेथे बसू शकत नाही. टी३१५आय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उत्परिवर्तनावर पोनॅटिनिब हे नंतरचे औषध परिणामकारक ठरते. एएमएलमधील एफएलटी३ या प्रथिनावरील औषधांच्या बाबतीतही अशीच उत्परिवर्तने आढळली आहेत.

कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांना कर्कपेशी ओळखण्यास जनुकीय बदलाने सक्षम केले जाते. बी-पेशींच्या एएलएलमध्ये सीडी१९ हे ओळखचिन्ह लक्ष्य केले जाते. कर्कपेशींनी हे चिन्हच गमावल्यास कार-टी पेशी त्यांना ओळखू शकत नाहीत. क्वचित प्रसंगी लसीकापेशीजन्य रोग मज्जाजन्य रूप धारण करून उपचारांना हुलकावणी देतो.

प्रतिरोधाचे निदान

उपचारानंतर शिल्लक राहिलेल्या, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणाऱ्या रोगाला सूक्ष्म अवशिष्ट रोग म्हणतात. फ्लो सायटोमेट्री या तंत्राने दहा हजार पेशींतील एक कर्कपेशी ओळखता येते; पीसीआरवर आधारित काही तंत्रे याहूनही संवेदनशील आहेत. एएलएलमध्ये प्राथमिक उपचारांच्या शेवटी हे प्रमाण ०.०१ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास रोग उलटण्याचा धोका अधिक मानला जातो आणि उपचार तीव्र केले जातात. याउलट अवशिष्ट रोग नसलेल्या बालकांना अनावश्यक विषारी औषधांपासून वाचवता येते.

आभासी प्रतिरोध

औषधाला पेशींनी दाद न देणे आणि औषध पेशींपर्यंत पुरेसे न पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकाराला आभासी प्रतिरोध म्हणता येईल. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच असला तरी दुसरा प्रकार बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगा आहे.

एएलएलच्या अनुरक्षण काळात मूल घरी असते, खेळते-बागडते, शाळेत जाते. या काळात रोज ६-मर्कॅप्टोप्युरिनची आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते. अमेरिकेतील अभ्यासांत ठरवून दिलेल्या ६-मर्कॅप्टोप्युरिनच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी मात्रा घेणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचा धोका लक्षणीयरीत्या वाढलेला आढळला. महिन्यातून दोन-तीन दिवस गोळी चुकली तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

मात्रा कमी होण्यामागे इतरही कारणे असतात. एनयूडीटी१५ या जनुकाचे विशिष्ट रूप असलेल्या व्यक्तींना ६-मर्कॅप्टोप्युरिनची नेहमीची मात्रा विषारी ठरते आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. हे रूप युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत, भारतीयांसह, अधिक आढळते. त्यांना मोजूनमापून कमी मात्रा देणे हे योग्य उपचारच असतात. कुपोषित बालकांना औषधांचे दुष्परिणाम अधिक होतात व जंतुसंसर्गामुळे उपचारांत खंड पडतो. काही कुटुंबे खर्च, अंतर, मजुरी बुडणे किंवा ‘आता मूल बरे झाले’ असा समज यांमुळे उपचार अर्धवट सोडतात. अशा रुग्णांत परतलेला रोग औषध निकामी ठरल्याचा पुरावा मानता येत नाही.

प्रतिरोधावरील उपाय

- बहुऔषधी उपचार : एखाद्या औषधाला प्रतिरोध करणारी पेशी दहा लाखांत एक असेल, तर परस्परांशी संबंध नसलेल्या दोन औषधांना एकाच वेळी प्रतिरोध करणारी पेशी गणिताने एक लाख कोटींत एक असेल. भिन्न मार्गांनी कार्य करणारी औषधे एकत्र देण्यामागे हे तत्त्व आहे.
- मात्रा वाढवणे : मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट किंवा सायटाराबीन प्रवेशातील अडथळ्यावर काही अंशी मात करते व मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचते.
- अस्थिमज्जा किंवा मूलपेशी प्रत्यारोपण : दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या उरलेल्या कर्कपेशींवर हल्ला करतात. ही क्रिया औषधांवर अवलंबून नसल्याने औषध-प्रतिरोधक पेशीही तिच्या कक्षेत येतात.
- लक्ष्यवेधी औषधे व प्रतिपिंडे : ब्लिनाट्युमोमॅब हे प्रतिपिंड-औषध सीडी१९ असलेल्या पेशींना रुग्णाच्या टी-पेशींशी जोडते.
- परिपक्वता घडवणारे उपचार : तीव्र प्रोमायलोसायटिक रक्तकर्करोगात ट्रान्स-रेटिनॉइक आम्ल व आर्सेनिक ट्रायऑक्साइड यांच्या संयोगाने, पारंपरिक रसायनोपचाराशिवायही, बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

महाराष्ट्रातील स्थिती

१९७० च्या दशकात भारतातील विशेष कर्करोग केंद्रांतही एएलएल झालेल्या मुलांचे व तरुणांचे जगण्याचे प्रमाण अल्प होते. १९८४ पासून मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय तसेच दिल्ली व चेन्नई येथील केंद्रांत एमसीपी-८४१ ही समान उपचारपद्धती अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने राबवण्यात आली. तिच्यामुळे आणि पूरक शुश्रूषेतील सुधारणांमुळे चार वर्षे रोग न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते ते ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत वाढले. भारतीय रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांच्या तुलनेत अधिक पसरलेल्या रोगासह रुग्णालयात येतात आणि त्यांच्यात टी-पेशींच्या प्रकाराचे प्रमाण अधिक असते, असेही या अभ्यासातून दिसले. शरीरातील कर्कपेशींची संख्या जितकी मोठी, तितकी त्यांत प्रतिरोधक पेशी आधीच असण्याची शक्यता अधिक. या दृष्टीने उशिरा होणारे निदान हेही प्रतिरोधाशी जोडलेले आहे.

१९८३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत आज प्रत्यारोपण, सूक्ष्म अवशिष्ट रोगाचे मापन व प्रतिरोधाविषयीचे संशोधन चालते. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने विकसित झालेल्या नेक्सकार१९ या भारतातील पहिल्या स्वदेशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामक संस्थेची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. प्रचलित उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या बी-पेशींच्या रक्तकर्करोगात व लसीकार्बुदात त्याचा वापर केला जातो. परदेशी कार-टी उपचारांच्या तुलनेत त्याचा खर्च बराच कमी असला तरी सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने तो मोठाच आहे.

ग्रामीण भागातील रुग्णांपुढे अंतराचा प्रश्न असतो. बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावातील रुग्णाला विशेष उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते. मुंबईत उपचार घेणारी अनेक कुटुंबे दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे आणि कर्करुग्ण व त्याच्या सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. उपचारांत खंड पडू न देण्याच्या दृष्टीने निवास, प्रवास व आहार यांची सोय ही औषधांइतकीच महत्त्वाची ठरते.

हेसुद्धा पहा

- रक्ताचा कर्करोग
- अस्थिमज्जा प्रत्यारोपण
- मेथोट्रेक्सेट
- येल्लाप्रगडा सुब्बाराव
- कमल रणदिवे
- टाटा स्मारक रुग्णालय